रस्त्याकडची ओळ

"ही द्राक्षं माझी न्हाईत! माझ्या बागंतली न्हाईतच ही! कुणाची हायत ती बगा जावा, पन माझी न्हाईत!"

माझा धाकटा भाऊ वायनरीच्या आवारात काठी आपटत ओरडत होता. आवाज असा, की आतल्या स्टीलच्या टाक्या घुमायला लागल्या आणि पलीकडच्या उसातले बगळे उठून थेट कर्नाटकात उतरले. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेला गडी. तिकडं बर्फात या डोंगरावरून त्या डोंगरावर हुकूम द्यायची सवय. इथं ऐकायला होते चार हमाल, काट्यावरचा एक कारकून, वायनरीचा साहेब आणि मी.

समोर आमचा टेंपो उभा होता. ताडपत्री आत्ताच सोडलेली. आत क्रेटवर क्रेट, आणि प्रत्येक क्रेटच्या तोंडाला टपोरी, फुगलेली, उन्हात तेल लावल्यासारखी चमकणारी काळीभोर द्राक्षं. नुसत्या दिसण्यावर बाजारात व्यापाऱ्यांनी एकमेकांच्या टोप्या उडवल्या असत्या. पण वायनरीला लागतं ते द्राक्ष वेगळं. मिऱ्याएवढं बारीक, जाड सालीचं, बियांनी भरलेलं, आत गोडीचा घट्ट अर्क. द्राक्ष जेवढं फुगेल तेवढं त्यात पाणी, आणि पाण्याची कुणी वाईन करत नाही.

साहेबानं एक मणी उचलला, दोन बोटांत दाबला, गोडी मोजायच्या यंत्राच्या काचेवर रसाचा थेंब टाकला आणि डोळ्याला लावून बघितलं. मग हळूच म्हणाला, "हे खायचं द्राक्ष झालंय हो. आमच्या कामाचं नाही."

आणि टेंपोच्या हौद्यात, क्रेटच्या उतरंडीला पाठ टेकून आमचे आबा बसले होते. माझे वडील. फाटकाबाहेरून जाणाऱ्या गाड्या मोजत असल्यासारखे रस्त्याकडं बघत बसलेले.

हे असं का झालं ते कळायला आधी आबा कळायला पाहिजेत.

कुंडलच्या अंगाला आमची बाग. त्या पट्ट्यात द्राक्ष लावणारे शेकड्यानं असतील, पण आबांचं द्राक्ष ते आबांचं. त्यांच्या बागेतला मणी पोरानं गालात धरला, की त्या पोराला संध्याकाळपर्यंत पाढे म्हणता येत नसत. शेवटी शाळेच्या मास्तरांनी हात जोडून निरोप धाडला, की आबा, परीक्षेच्या आठवड्यात तेवढी बाग उतरू नका. एकदा एका लांबच्या व्यापाऱ्यानं कौतुकानं घड खांद्यावर घेतला आणि त्याचा खांदाच निखळला. पलूसच्या हाडवैद्यानं तो बसवला. खोटं वाटत असेल तर त्या हाडवैद्याला विचारा. तो वारला, ही गोष्ट वेगळी.

बाग रस्त्याला लागून. आणि रस्त्याकडची ओळ म्हणजे आमच्या घराचा उंबरा. आत भांडी पालथी असली तरी चालतील, उंबऱ्यावर रांगोळी पाहिजे. आतल्या ओळींत बायकांची टोळी काम करायची, पण रस्त्याकडच्या ओळीला आबांशिवाय कुणाचा हात लागायचा नाही. मणी बाजरीएवढे झाले की ते फुगवायचं औषध पाण्यात कालवतात. मगात ते पाणी घ्यायचं, तो मग घडाखाली धरून वर उचलायचा, घड बुडाला की सोडायचा. झालं. बायका हे काम गप्पा मारत करतात. आबा मात्र घड असा बुडवायचे, जसं काय तान्हं लेकरू न्हाऊ घालताहेत, कानात पाणी जाईल म्हणून जपून. मग फळ भरायला आलं, की एसटीचा ड्रायव्हर आमच्या बागेशी गाडी हळू करायचा. बायका खिडकीतून माना काढायच्या. एकीनं एवढी मान काढली की तिची नथ आमच्या वेलीत अडकली, आणि पुढच्या वर्षी त्या वेलीला सोन्याच्या रंगाचे घड आले. हे मात्र मी डोळ्यांनी बघितलंय.

आणखी एक रीत. माल भरताना वरचा थर निवडक लावायचा. यात लबाडी नाही, खालीही मालच असतो. पण लेकीच्या शिदोरीत करंज्या वर आणि चिवडा खाली असतो ना, तसं. आबा म्हणायचे, "झाकन उगडल्याव मानसाचं त्वांड उगडाय पायजे."

मला लोणंदला दिली. तिथं कांद्याचा बाजार, त्यामुळं डोळ्यांतून पाणी काढायला मला दुसरं निमित्त लागत नाही. पण मी माहेरी कधी रडले नव्हते. ते या वर्षी झालं.

भाऊ फौजेतून सुटून आला तेव्हा त्याच्यापुढं वाट एकच होती. आमच्या भागातला गडी पलटणीतून निघाला की पुण्याला जातो आणि कुठल्यातरी काचेच्या इमारतीच्या फाटकावर उभा राहतो. निम्मं गाव तिथं उभं आहे. उद्या शत्रूनं सरहद्द ओलांडली तर एक वेळ आत येईल, पण पुण्यातल्या कंपनीत पासाशिवाय त्याला कुणी सोडणार नाही. भावाची बॅग दारात होती. भावजय चुलीशी बसलेली. लग्न झाल्यापासून तिनं नवरा बघितला तो सुटीपुरता. ओळख होईपर्यंत सुटी संपायची. आणि आबा, ज्यांनी जन्मात कधी पोराला बस म्हटलं नाही की ऊठ म्हटलं नाही, ते आबा त्या दिवशी म्हणाले, "आता कुटं जाऊ नगंस."

बस्स, एवढंच. पण तेवढ्यानं भावानं बॅग आत ठेवली.

मग राहायचं तर करायचं काय? खायच्या द्राक्षाचा दर दलालाच्या तोंडात आणि पाऊस आभाळाच्या मर्जीत. तेवढ्यात वायनरीची हवा आली. तशी ती हवा इकडं जुनीच. पलूसच्या बाजूला मागं वायनरीच्या शेडी उठल्या होत्या, गावागावांत पेढे वाटले होते. पोरांना वाटलं आता आपण फ्रान्सचेच झालो. मग त्यातल्या काही बंद पडल्या. एकीत आता बेदाणा साठवतात, एकीच्या टाकीत म्हणे घुबडांचं कुटुंब नांदतंय. पण एक नवी निघाली, ती मात्र दणक्यात चालली. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या यायला लागल्या. आमच्या गावची पोरं काळी जाकिटं घालून पाहुण्यांना पेले भरून द्यायला लागली. रस्त्याकडेच्या ज्या जमिनीत कुसळ उगवत नव्हतं, तिथं हॉटेलं उगवली. चहाच्या टपरीवाल्यानं पाटी बदलली आणि चहा तोच ठेवला. मुख्य म्हणजे वायनरी बागाईतदाराशी करार करायची आणि दर आधी सांगायची. आमच्याकडं द्राक्षवाल्याला दर आधी कळणं म्हणजे नवरीला लग्नाआधी सासू कळणं. असं कधी झालेलंच नव्हतं.

भावानं वायनरीचं द्राक्ष लावायचं ठरवलं आणि घरात महाभारत झालं. भावजयीनंच मागं गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं. आमच्याकडं त्यासाठी बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला मतं जास्त पडली की दुकानाला कुलूप. तिनं घरोघर हिंडून बाटली अशी आडवी पाडली होती की ती पुन्हा उठलीच नाही.

ती म्हणाली, "मी गावातली बाटली पाडली, आन् तुमी माज्या दारात दारूची येल लावताय व्हय?"

"वाईन म्हंजे दारू न्हवं. टीव्हीवर सांगत्यात की."

"टीव्हीवर साबनानं मानूस गोरा हुतोय असं बी सांगत्यात. तुमी झालासा का?"

आबा माळकरी. ते वेगळंच बोलले. "जे फळ पोराच्या तोंडात पडायचं न्हाई, त्ये कशाला लावायचं?"

पण शेवटी भावजयीनं मान हलवली, आबांनीही हलवली, आणि ती काही वेलीसाठी हलवली नव्हती. भावजय मला नंतर म्हणाली, "आक्का, ह्ये घरात ऱ्हानार असतील तर मी बाभळी सुदीक लावू दीन."

जुनी बाग मोडली. वायनरीची वेल लागली, रस्त्यापर्यंत. पहिल्या बहाराचा थोडका माल वायनरीनं घेतला, तो चाचणी म्हणून. साहेब म्हणाला, पुढच्या वर्षीचा माल पास झाला की पक्का करार. म्हणजे गोष्ट सरळ होती. माल पास झाला तर भाऊ गावात, नापास झाला तर भाऊ पुण्याच्या फाटकावर. घरातल्या म्हशीलासुद्धा हे माहीत होतं.

वायनरीनं बागाईतदारांना एकदा चव घ्यायला बोलावलं. मी माहेरी होते, भावाबरोबर गेले. पाहुणे पेला असा गरागरा फिरवत होते, जसं काय आतलं पोर रडतंय आणि ते झोपवायचंय. मग नाक पेल्यात घालायचे. एकाचं नाक मोठं होतं, ते काढायला दोन माणसं लागली. मी घोट घेतला. चिंचेच्या कोळात गंजका खिळा भिजत घातला की जी चव येते ती. साहेब अदबीनं म्हणाला, "ताई, कुठल्या फळाचा वास जाणवतोय का?"

"जानवतोय की. न पिकलेल्या."

साहेब हसला. नाशकाकडचा पोरगा, वाईट नव्हता. तो बागेत येऊन समजावून सांगायचा. औषधात बुडवायचं नाही, मणी विरळायचे नाहीत, पाणी बेतानं द्यायचं. वेलीला तहान लागली पाहिजे, तेव्हाच ती गोडी फळात साठवते. "तुम्ही काही करू नका, एवढंच तुमचं काम," असं तो आबांना म्हणाला.

आबा त्याच्याकडं बघत राहिले. "म्हंजे लेकराला उपाशी ठिवून मोटं करायचं."

साहेब म्हणाला, "तसंच समजा."

ज्या माणसानं सारी हयात द्राक्ष फुगवलं, त्याला आता बागेत हात पाठीमागं बांधून हिंडायचं काम. आणि रस्ता तर तिथंच होता. एसटी आता हळू व्हायची नाही, उलट जोरात जायची. सायकलवरून जाणारा एखादा ओरडायचा, "आबा, मिरी लावलीया काय?" दुसरा म्हणायचा, "द्राक्षाला देवी आल्या का वं?" एका पाव्हण्यानं तर मोटारसायकल थांबवली आणि गंभीर तोंड करून विचारलं, "आबा, येलीला पोरं झाल्यात, आई कुटाय?" हसणाऱ्यांचं हसून झालं. आबा मात्र तेव्हापासून कालव्याच्या बाजूनं, मागच्या बांधानं बागेत जायला लागले.

घड लागायच्या सुमाराला भावाच्या गुडघ्यानं दगा दिला. फौजेतली जुनी दुखापत. पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, भावजय तिकडंच राहिली. परत आला तो पट्टे बांधलेला पाय घेऊन, आणि डॉक्टरनं ढेकळांत पाय टाकायचा नाही म्हणून बजावलेलं. सोप्यात कॉटवर पडून तो विचारायचा, "आबा, बाग कशी हाय?" आबा म्हणायचे, "झ्याक." साहेबही येऊन गेला. त्यानं बागेच्या मधोमध चार ठिकाणचे मणी घेतले आणि खूश होऊन गेला. रस्त्यापर्यंत चालत जायचं त्याला काय कारण?

काढणीच्या दिवशी मी लोणंदहून आले. उजाडायच्या आत बायका बागेत शिरल्या, कारण वायनरीला माल थंड पाहिजे. मी घरात भाकरी थापत होते. भाऊ दारात खुर्चीवर, काठी मांडीवर, मोबाईल कानाला. भावजय तोडणीला. क्रेट भरले, टेंपो रस्त्याकडंला उभा होता तो भरला. वरचा थर आबांनी लावला. बायकांनी पुढं सांगितलं, की लिंबाखाली बसून आबा एकेक घड उचलून क्रेटच्या तोंडाला मांडत होते आणि बारीक आवाजात अभंग म्हणत होते. त्या बायकांनी मोठाली द्राक्षं बघितली, भावजयीनंही बघितली. पण द्राक्ष मोठं झालं म्हणून आमच्याकडं कुणी बोंब मारत नाही. उलट सगळ्या म्हणाल्या, "आबांचा हातच तसा हाय बाय."

ताडपत्री आवळली. भाऊ ड्रायव्हरशेजारी चढला, त्याच्या बाजूला मी. आबा म्हणाले, मी मागं बसतो मालाजवळ. जाताना भाऊ सारखा काहीतरी गुणगुणत होता. पलूसच्या बाजारपेठेत त्यानं टेंपो थांबवून पेढे घ्यायला लावले. साहेबाला द्यायचे म्हणून.

ते पेढे माझ्या मांडीवर होते, जेव्हा तो ओरडत होता.

साहेब यंत्र पुसून परत परत थेंब टाकत होता. भाऊ ओरडायचा थांबला आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागला. ओरडणं बरं होतं. "साहेब, वरचा थर काढतो. खाली चांगला माल हाय. आत्ता काढतो." आणि पायाला पट्टे असलेला माझा भाऊ गुडघा वाकवायचा नाही हे विसरून क्रेटवर ओणवा झाला. हमाल आले, मीही गेले. आम्ही वरचे घड काढत गेलो. फौजेतला मोठ्या आवाजाचा माणूस, पण घड असे ओरबाडत होता की मणी गळून आवारभर गडगडत होते. खाली बारीक द्राक्ष निघालं, मधेच पुन्हा मोठं निघालं. तोडताना रस्त्याकडचं आणि आतलं एकत्र झालं होतं.

साहेब म्हणाला, "दादा, थांबा. थर काढून भागणार नाही. हे औषधात बुडवलंय. वायनरीच्या नियमात ते चालत नाही. आणि थोडं बुडवलंय तर बाकीच्यात काय केलंय, हे मी वर काय सांगू?"

"मी केलं न्हाई."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण मला माल घेता येणार नाही. आणि पुढच्या कराराचंही..." तो थांबला. त्यानं पाण्याची बाटली भावापुढं धरली. भावानं ती घेतली नाही.

भाऊ टेंपोकडं वळला. "आबा. ह्ये तुमी केलंय?"

आबा रस्त्याकडं बघत होते.

"आबा, मी इच्यारतोय."

"व्हय," आबा म्हणाले.

भरलेला टेंपो बाजारात जाताना सगळे बघतात, पण भरलेला टेंपो परत येताना बघणाऱ्यांची संख्या तिप्पट होते. पेढे घेतले त्या दुकानदारानं हात वर केला आणि आमची तोंडं बघून तो हात डोक्यावर फिरवला, जसं काय खाजच होती. भाऊ समोर बघत होता. पुढं चौकात बसलेली दोन कुत्रीसुद्धा उठून बाजूला झाली, आणि ही गोष्ट मी फुगवून सांगत नाही.

क्रेट अंगणात उतरवले. कितीही फुगलं तरी हे द्राक्ष खायला कुणी घेत नाही, आत बिया आणि वर जाड साल. बेदाण्याला चालत नाही. दुपारच्या उन्हात ते पाझरायला लागलं. संध्याकाळपर्यंत असा आंबूस वास सुटला की आमच्या आळीतल्या माश्यांनी पलीकडच्या आळीतल्या पाहुण्या बोलावल्या. म्हशीनं दोन पाट्या खाल्ल्या आणि ती माझ्याकडं अशा प्रेमानं बघायला लागली की मी लांब झाले. बाहेर कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बाटली आडवी करनारीच्या दारात पिंप उबं ऱ्हायलं रं!" भावजय आत होती. तिनं ऐकलं. एरवी ती परातीसकट बाहेर गेली असती. तिनं फक्त दार लोटून घेतलं.

भावाचा आवाज आता अगदी खाली होता. "आबा, तुमाला ही बाग नकोच हुती."

आबा नळाखाली हात धूत होते. द्राक्षाचा रस बोटांना चिकटलेला.

"गळ्यात माळ हाय, वाईन नगं हुती, तर तसं तोंडावर सांगायचं. मी लावलीच नसती. असं मागनं कशाला केलंसा?"

"आवं, आबांचं वय बगा," भावजय मध्ये पडली.

"वयाचं काय न्हाई. इचार करून केलंय. मी तिकडं पाय बांधून पडलोय, हे हिकडं औषदाचा मग घिऊन... मला गावात ऱ्हा म्हनायचं आन् मुळं मागनं तोडायची!"

मी म्हटलं, "आरं, आबा असं करतील व्हय?"

"मग कसं करत्यात? तू सांग, आक्का. कसं करत्यात?"

इतकी थापाडी बाई मी, कुठलीही गोष्ट जोडायची झाली तर एका दमात जोडते, पण त्या वेळी मला एक वाक्य सुचलं नाही. कारण खरं सांगायचं तर मलाही शंका आली होती. आबा वेलीशेजारून जाताना तिच्याकडं कसे बघायचे ते मी बघितलं होतं.

नळ चालू होता. हात कधीच धुऊन झाले होते, तरी आबा ते धूतच होते. भावजयीनं जाऊन नळ बंद केला.

त्यानंतर बापलेक एका घरात राहिले, पण एकाच्या ताटाच्या वेळेला दुसरा बाहेर असायचा. मी लोणंदला गेले, परत आले. क्रेट रिकामे झाले, कुणीतरी खत म्हणून माल ओढून नेला. भावाचा गुडघा बरा झाला तसा तो पुण्याला फोन करायला लागला. त्याच्या पलटणीतला एक मित्र फाटकावरच होता, त्यानं शेजारच्या फाटकावर जागा बघितली. निळा युनिफॉर्म, दुसऱ्याच्या नावाचा बिल्ला, तिसऱ्याचे बूट. भावजय बॅग भरत होती. डाव्या बाजूला कपडे, उजव्या बाजूला लाडू, आणि मधे ती पुन्हा पुन्हा हात फिरवत होती, सपाट करायला काही नसताना.

निघायच्या दिवशी आबा घरात नव्हते. भाऊ उंबऱ्यावर क्षणभर थांबला. आत बघितलं, बाहेर बघितलं. मग म्हणाला, "चल आक्का," आणि आम्ही दोघं स्टँडवर गेलो. मी त्याच्याबरोबर निम्म्या वाटेपर्यंत जाणार होते, लोणंदची गाडी तिथून.

एसटी कुंडल सोडून आमच्या बागेजवळ आली. आबा रस्त्याच्या कडेला उभे होते. हातात कात्री, खांद्यावर टॉवेल. ड्रायव्हर जुना होता. त्यानं सवयीनं गाडी हळू केली. का केली कुणास ठाऊक, बघायला वेलीवर काहीच नव्हतं, तोडून झालेली बोडकी बाग. आबांनी गाडीच्या खिडक्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितल्या. भाऊ पलीकडच्या बाजूला बसला होता. तो पलीकडचा ऊस बघत होता. मी हात हलवला. आबांनी हलवला की नाही, धुरळ्यात मला दिसलं नाही.

उन्हाळ्यात छाटणीच्या दिवसांत मी पुन्हा माहेरी गेले. वायनरीचा साहेब मागं येऊन गेल्याचं भावजय बोलली. चहा घेतला, बाग बघितली, पुढच्या वर्षी बघू म्हणाला. आम्हाला सगळ्यांनाच माहीत आहे की असं कधी म्हणतात. वेल काढायची की ठेवायची हे भावजयीवर सोपवून भाऊ तिकडं उभा होता. फोनवर तिच्याशी बोलायचा, आबांबद्दल विचारायचा नाही.

आबा रस्त्याकडच्या ओळीत होते. काडी बघायची, तिच्यावरचा फुटव्याचा डोळा मोजायचा, कात्री चालवायची. छाट सरळ पडत होता. मी त्यांना पाणी दिलं. बांधावर बसलो. बाजूनं एक मोटारसायकल गेली, तिच्यावरच्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. आबांनी मात्र त्याच्याकडं बघितलं, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत.

मी म्हटलं, "आबा, त्यो पुन्याला जाऊन उबा ऱ्हायलाय. त्येला वाटतंय तुमी वाईनचा राग धरून केलं. त्येला असं वाटत ऱ्हावं व्हय? एकदा तरी सांगा की. एवढं समदं म्हाईत हुतं तुमाला, साहेबानं धा येळा सांगितलं हुतं, मग ती एकच ओळ का बुडीवली?"

आबांनी तोंड पुसलं. कात्री उचलली.

"रस्त्यावनं दिसत हुती."